पेडल स्टीलचा पिकअप हवाईयन गिटारला चालेल का?

प्रश्न : माझे वडील भजनात आणि पुढे एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवत. सहा तारांची, भरीव लाकडाची गिटार आहे. 2019च्या महापुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली, पण घरातली ओल पुढे बरेच दिवस गेली नव्हती. आता आवाज किनरा येतो, मध्येच बंद पडतो. पेडल स्टील गिटारचे पिकअप सगळ्यांत दमदार असतात असे ऐकले. तसा मागवून बसवावा का? कोणता घ्यावा?
— एक वाचक, नृसिंहवाडी

उत्तर : पेडल स्टीलचा पिकअप मागवू नका. आणि दुसरा कुठलाही मागवण्याआधी जुना खरोखर गेला आहे का, ते पाहा. अशा वाद्यांत पिकअपच्या, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाच्या, नावावर जो दोष जातो, तो पुष्कळदा जॅकचा, व्हॉल्यूमच्या बटणाचा किंवा केबलचा निघतो. नदीकाठच्या गावात तर जॅकच्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. गिटारमध्ये केबल लावा, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवा आणि त्या टोकाच्या टोकदार भागावर व बाजूच्या दांडीवर मीटरच्या दोन तारा टेकवा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, नाहीतर आकडा चुकीचा दिसेल. सहा-सात-आठ किलोओहमच्या आसपास आकडा आला आणि केबल हलवली तरी तो स्थिर राहिला, तर पिकअप धडधाकट आहे. आकडा नाचू लागला तर केबल आणि जॅक बदला. बटण फिरवताना खरखर येत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते दहा-वीस वेळा फिरवा. पण आकडा एकदम 250 किंवा 500 किलोओहमच्या जवळ दिसला, तर समजा की पिकअपची तार आत तुटली आहे आणि मीटर फक्त व्हॉल्यूमच्या बटणाचा रोध मोजतो आहे. तार तुटल्यावरही थोडा आवाज येत राहतो. तुटल्या जागेतून उंच स्वर कसेबसे पलीकडे जातात, खर्ज गळून पडतो. तुम्ही लिहिलेला ‘किनरा’ आवाज तसा असू शकतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

तार तुटली असली तरी लगेच निराश होऊ नका. पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तांब्याची इनॅमल चढवलेली तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, आणि तिची जाडी जेमतेम 0.06 मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाइतकी. ही बारीक तार जिथे बाहेरच्या जाड वायरला सोल्डर केलेली असते, तिथेच ओल शिरते आणि तांबे गंजते. तुटलेले टोक बाहेरच्या वेढ्याचे असेल तर निगुतीने सोल्डरिंग करणारा माणूस भिंग लावून एखादा वेढा सोडवतो, इनॅमल खरवडतो आणि टोक पुन्हा जोडून देतो. ओल वाळवण्यासाठी पिकअप उन्हात ठेवू नका, त्यावर केस वाळवायचे यंत्रही धरू नका. जुन्या प्लॅस्टिकचा साचा उष्णतेने वाकतो आणि वाकताना उरलेली तारही तोडतो.

आता पेडल स्टीलबद्दल. ते वाद्य तुमच्या गिटारच्याच घराण्यातले, पण त्याचा संसार निराळा. ते मांडीवर घेत नाहीत, पायांवर उभे असते. खाली पायाने दाबायची पेडले, गुडघ्याने ढकलायच्या दांड्या आणि वर बहुधा दहा तारा. पेडल दाबले की ठरावीक तारांचा स्वर वाजता वाजताच चढतो. 1950च्या दशकात अमेरिकेच्या कंट्री संगीतात ते रुजले. वादकाचा उजवा पाय सतत व्हॉल्यूमच्या पेडलवर असतो: स्वर छेडताना आवाज अर्धवट मिटलेला आणि स्वर विरू लागला की पायाने तो हळूहळू उघडत न्यायचा. स्वर लांबवायचा म्हणजे मुळात भरपूर ताकद शिल्लक हवी, म्हणून तिथल्या पिकअपला वेढे खूप जास्त. त्याचा रोध साधारण 16 ते 20 किलोओहम असतो. तुमच्या गिटारला एवढी गुंडाळी दिली तर आवाज मोठा येईल, पण वरचे तेज बोथट होईल. हवाईयन गिटारवर अभंगाची चाल वाजवताना मींड संपते तिथे स्वराला जी धार लागते, ती त्या तेजातूनच येते. शिवाय दहा तारांचा पिकअप बराच रुंद असतो. सहा तारांच्या गिटारात तो बसवायला लाकूड खोदावे लागेल. वडिलांच्या वाद्याला पटाशी लावू नये, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. विजेचा पिकअप जन्मला तो तुमच्याच वाद्यासाठी. वाद्यवृंदाच्या गलबल्यात हवाईयन गिटार ऐकूच येत नसे, म्हणून जॉर्ज बोशाँ यांनी 1931मध्ये लॉस एंजेलिसला नालेच्या आकाराची दोन चुंबके तारांभोवती बसवून पिकअप तयार केला. 1932मध्ये विक्रीला आलेली, पुढे रिकनबॅकर या नावाने प्रसिद्ध झालेली ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे हाच आवाज व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला, कोलकात्याच्या सुनील गांगुलींच्या तबकड्यांनी तो घराघरांत नेला. ब्रिजभूषण काब्रांनी स्लाइड गिटारवर रागदारी मांडली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी 1967ची.

पिकअप खरोखर बदलावाच लागला, तर कंपनीच्या नावाआधी स्टीलची पट्टी हातात घ्या. पिकअप जिथे बसतो तिथे पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. बाजारातले पिकअप स्पॅनिश गिटारसाठी बनतात. त्यांचे खांब, म्हणजे प्रत्येक तारेखालचे चुंबकी खुंट, साधारण 50 ते 53 मिलिमीटरांत बसवलेले असतात. तुमच्या तारा त्याहून जवळ किंवा लांब असतील, तर कडेच्या तारा दबक्या वाजतील. त्यावर सरळ उपाय म्हणजे सुट्या खांबांऐवजी अखंड पोलादी पट्टी असलेला पिकअप. मग तार कुठेही असो, तिच्याखाली पट्टी असतेच.

उंचीचे मोजमाप तर बहुतेक जण विसरतातच. आपल्याकडच्या कित्येक हवाईयन गिटारी म्हणजे नट (तारा वरच्या टोकाला टेकतात ती पट्टी) उंच करून तारा वर उचललेल्या स्पॅनिश गिटारी आहेत. तारा वर गेल्या आणि पिकअप खालीच राहिला की आवाज दुबळा येतो, आणि माणूस दमदार पिकअपच्या शोधात निघतो. खाली फळीचा किंवा फोमचा तुकडा घालून तोच पिकअप तारेपासून तीनेक मिलिमीटरवर आणा. फारच जवळ नेलात तर चुंबक तारेला ओढू लागतो, स्वर लवकर विरतो आणि जाड तारा बेसूर होतात. तारा पोलादी किंवा निकेल गुंडाळीच्या हव्यात. ब्राँझच्या तारांना असा पिकअप नीट दाद देत नाही.

राहिली घरघर. एका कॉइलचा पिकअप वीजवाहिनीची 50 हर्ट्झची घूं पकडतो, आणि उत्सवातल्या मांडवात रोषणाईच्या माळा लागल्या की ती वाढते. 1955मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट ध्रुवांच्या दोन कॉइल जोडून ती घूं मारून टाकली. आज एका कॉइलच्या मापातच दोन अरुंद कॉइल आणि दोन पोलादी पट्ट्या असलेले पिकअप मिळतात. तुम्ही मांडवात वाजवणार असाल तर माझा कौल त्याला, फक्त त्यातला कमी गुंडाळीचा निवडा आणि व्हॉल्यूमचे बटण 500 किलोओहमचे लावा. घरीच वाजवणार असाल तर सहा-सात किलोओहमचा एका कॉइलचा आणि 250चे बटण. आवाज त्याचाच गोड.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. तारा आणि घोडी वायरने ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, आणि तारांवर सरकवायचा हातातला बार तारांना टेकलेलाच असतो. ओल्या फरशीवर, दोन पिनांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवणे जिवावर बेतू शकते. तीन पिनांची वायर आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय गिटार हातात धरू नका.

इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटारी भरणारे उत्तम कारागीर आहेत, पण त्यांच्याकडे पिकअप भरायला देऊ नका. त्यांची यंत्रे आणि तारा कितीतरी जाड कामाच्या, ही तार तिथे टिकणार नाही. गिटारचा पिकअप हाताने भरणारे मुंबई-पुण्यात सापडतात, आणि जुने चुंबक ठेवून फक्त कॉइल नवी करता येते. घोडी किंवा लाकडाचे काम निघाले, तर सतार-तंबोऱ्यांचे मिरज तुमच्या शेजारीच आहे.

आधी मल्टिमीटरचा आकडा आणि तारांमधले अंतर लिहून पाठवा, म्हणजे नेमके सांगता येईल. तोवर जुना पिकअप काढून टाकू नका.