जुन्या ट्रकला हात लावण्याआधी

ट्रक घेतलास, फार बरं केलंस. फडातून ऊस आणि कांद्याच्या गोण्या वाहून आयुष्य काढलेली गाडी भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पण पाना उचलण्याआधी माझं थोडं ऐकून घे.

आधी ठरव, हिचं मूळ रूप कशाला म्हणायचं. मोटारींचे शौकीन कंपनीचं पुस्तक उघडून मूळ रंग शोधतात. आपल्या ट्रकांचं तसं नाही. टाटांच्या टेल्को कंपनीचा डाइमलर-बेंझशी ट्रक बांधण्याचा करार झाला १९५४ साली. जमशेदपूरहून गाडी निघायची ती बहुतेक वेळा नुसती चॅसी. वरची लाकूड-पत्र्याची केबिन, हौदा, फाळका हे सगळं घडवलं ते गावोगावच्या बॉडीवाल्या मिस्त्रींनी. म्हणजे तुझी गाडी अर्धी कारखान्याची, अर्धी कुणा मिस्त्रीच्या हातची. त्यानं मारलेले रिव्हेट, दाराच्या चौकटीला दिलेली गोलाई, लाकडाचे सांधे उखडून सरसकट नवा पत्रा ठोकलास तर गाडी चकचकीत दिसेल, पण त्या माणसाचं काम कायमचं जाईल. सडलेलं तेवढंच बदल. बदललेल्या लाकडावर आतल्या बाजूनं साल लिहून ठेव, पुढच्याला कळेल. जाळीवर तीन टोकांचा तारा असेल तर गाडी १९६९ पर्यंतच्या करारातली, ‘टी’ असेल तर नंतरची. अर्थात जाळ्या बदलल्या जातात, म्हणून खरं काय ते चॅसी नंबरावरूनच ठरव.

गंजाचं सांगतो. अकोले तालुक्याची घाटमाथ्याकडची बाजू सोडली तर आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. कोकणातल्या गाडीपेक्षा आपली गाडी कमी सडते. पण चिखल आणि पाचट अडकून ओल धरते तिथं पत्रा आतून खाल्लेला असतो. केबिनचा तळ, मडगार्डची आतली बाजू, हौद्याच्या आडव्या लाकडांखालची जागा टोच्यानं टोचून बघ. वरून रंग शाबूत दिसला म्हणून फसू नकोस.

सुट्या लोखंडी भागांसाठी मळीसारखं औषध नाही. प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढं जिल्हाभर धुराडी उभी राहिली, तेव्हा मळी आपल्याला नवी नाही. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. भाग आधी डिझेलनं धुऊन ग्रीस काढ, मग साबणाच्या पाण्यानं डिझेल काढ आणि बुडव. आठवडा-दोन आठवडे लागतात. मळी गंज धरून विरघळवते आणि खालच्या चांगल्या लोखंडाला फारशी लागत नाही. ॲसिडमध्ये ती खात्री नसते. मात्र ॲल्युमिनियमचा तुकडा चुकूनही टाकू नकोस, मळी तो खाते. पिंप आंबतं, वास सुटतो, म्हणून ते घरापासून लांब ठेव. भाग बाहेर काढलास की लगेच धू, वाळव आणि रेड ऑक्साइडचा हात मार. रात्रभर उघडा ठेवलास तर सकाळी पुन्हा तांबूस. आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. कुणाच्या ओळखीनं पिंपं भरून आणायची नाहीत. रीतसर मिळेल तेवढीच वापर.

इंजिन वर्षानुवर्षं उभं असेल तर ओढून किंवा ढकलून सुरू करायला जाऊ नकोस. नोझल काढ, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं तेल सोड, काही दिवस मुरू दे, मग पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं हळूहळू फिरव. अडलं तर थांब, पुन्हा तेल सोड. जोर केलास तर रिंगा तुटतील. जुनं डिझेल काढून टाकी धू, फिल्टर बदल, एअर काढ. सेल्फ मारण्याआधी पंपाचा रॅक मोकळा सरकतोय का ते बघ. तो अडकलेला असला तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि चावी काढून थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एक जाणता माणूस उभा कर. वेळ आली तर त्यानं फळीनं तोंड बंद करायचं, हातानं कधीही नाही.

आता चाकं. इथं जीव जातो, म्हणून नीट ऐक. या गाड्यांच्या रिमला लोखंडी लॉक-रिंग असते. हवा भरलेली असताना ती निसटली तर समोरच्या माणसाला ठार करते. चाकाचे नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोड. मागं जोडचाक असेल तर दोन्हींची सोड. रिंगेला तडा किंवा बाक असेल, गंजानं ती झिजली असेल, तर ती भंगारात. दुसऱ्या रिमची रिंग ठोकून बसवू नकोस. हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भर आणि स्वतः बाजूला उभा राहा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, जाड लाकडी ठोकळे लाव.

ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडलास की कॉम्प्रेसरनं धूळ उडवू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. रबरी कप आणि होस पाइप चांगले दिसले तरी सगळे नवे घाल.

रंगाला शेवटी हात लाव. फाळक्यावर थरावर थर चढलेले असतात. एका कोपऱ्यात पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं सावकाश उतरव. खाली जुन्या पेंटरचं कमळ किंवा मालकाच्या गावाचं नाव निघेल. निघालं तर तिथंच थांब आणि तो भाग तसाच राख. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला परिवहन विभागानं २०१५ साली मनाई केली, तेव्हा ते नव्यानं रंगवू नकोस. जुनं सापडलं तर ती फळी घरात जपून ठेव आणि गाडीला दुसरी लाव.

रिव्हेटचं काम समजून घ्यायला नगरचं रणगाडा संग्रहालय बघून ये. तिथं रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. तिचे पत्रे रिव्हेटनं कसे जोडलेत ते जवळून बघ.

कागदांचं काम मात्र आजच सुरू कर. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. पण ती दुचाकींना आणि खाजगी प्रवासी मोटारींना आहे, ट्रक त्यात बसत नाही. म्हणून जुनं आरसी बुक, थकलेला कर, फिटनेस हे सगळं आरटीओत जाऊन तपास, आणि ते सुटेपर्यंत गाडी आपल्या वावरातच फिरव.