आधी पैशाचं विचार, मग आजीकडं जा

अगं, तुझा निरोप रात्री वाचला. ‘अक्का, मराठी-कानडी संपर्कावर पीएचडीची जागा निघालीय, पैसेही मिळणारेत, भरू का अर्ज?’ भर की! पण त्याआधी घटकाभर माझ्याजवळ बस.

ज्या शब्दानं मला हाक मारलीस ना, तो ‘अक्का’ द्राविडी घरातला. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ताही कानडीतून आलेला. असे शब्द कुणालाही सापडतात. त्यांवर लेख होतो, प्रबंध होत नाही. खरा ऐवज व्याकरणात दडलेला असतो. आई दारातून म्हणते, ‘आम्ही बाजाराला चाललोय’, तेव्हा तू घरीच राहणार हे तुला न सांगता कळतं. ‘आपण बाजाराला जाऊ’ म्हणाली की तू चपला शोधायला लागतेस. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, संस्कृतच्या ‘वयम्’मध्येही नव्हता. तमिळ-तेलुगूत मात्र तो पक्का आहे. म्हणून द्राविडी भाषांच्या शेजारानं तो मराठीत आला असं बरेच अभ्यासक मानतात. आता ‘आपण’ हा शब्दच बघ. तो निघालाय संस्कृत ‘आत्मन्’मधून. म्हणजे माती आपली, साचा शेजारचा. आणि आपली सख्खी शेजारीण कानडी, तिच्या आजच्या बोलण्यात मात्र दोन्हींना एकच ‘नावु’! मग मराठीनं हा साचा घेतला कुणाकडून, आणि कधी? गुजरातीतही तो आहे, तो तिथं कसा पोचला? या प्रश्नानं माझी कितीतरी वर्षं झोप उडवलीय.

म्हणून सांगते, ‘मराठी आणि कानडी यांचा परस्परसंबंध’ असा ऐसपैस विषय आराखड्यात घालू नकोस. एकच धागा धर. एखादा प्रत्यय, एखादी वाक्यरचना, दहा-बारा गावं. ज्यूल ब्लॉकचं मराठीच्या घडणीवरचं पुस्तक आधी वाच, वा. गो. परांजप्यांनी ते मराठीत आणलंय. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसानं केलेलं ते काम आहे, पण त्याला टाळून पुढं जाता येत नाही.

आणि आपलं सांगलीजवळचं कुपवाड! तू रोज ज्या गावावरून कॉलेजला गेलीस, ते कुपवाड जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत आहे. १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूवर लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं, की वाक्याचा सांगाडा तोच ठेवून नुसते शब्द बदलले की दुसरी भाषा बोलता येते, असं त्यांचं म्हणणं. चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशींनी तिथं जाऊन ते म्हणणं पुन्हा तपासलं. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाच. मोठ्या नावापुढं मान तुकवायची नसते, गावात जाऊन ऐकायचं असतं, हे त्यातून तुला कळेल.

आता पैशाचं. पैशाचं विचारायला लाजू नकोस गं. माझी पहिली दोन वर्षं बिनपैशाची गेली. ‘अनुदान येईलच, तू सुरू कर,’ असं मला सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायच्या, उरल्या वेळात ग्रंथालय; सीमेवरच्या गावांत मुक्काम करायला ना सवड ना पैसे. जत तालुक्यातल्या ज्या दोन म्हाताऱ्यांशी बोलायचं ठरलं होतं, त्या दोघीही मी पोचायच्या आधी गेल्या. त्यांचं बोलणं कुठंच नोंदलेलं नाही. ते अजून मला सलतं.

तेव्हा स्पष्ट विचार: पैसे किती वर्षं, दर वर्षी करार नव्यानं होणार का, गावोगाव फिरण्याचा खर्च वेगळा मिळणार का. जर्मनी, नेदरलँड्समध्ये अशी जागा पुष्कळदा पगारी नोकरीच असते, पण विषयाची चौकट प्रकल्पानं आधीच आखलेली असते. तुझा धागा त्या चौकटीत बसतो का ते बघ. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर ती तुझी स्वतःची: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं, सगळी मिळून पाच वर्षं. बायकांना वयाची पाच वर्षं सूट आहे, म्हणजे पस्तिशीपर्यंत. म्हणून या जागेचा अर्ज भरलास तरी नेटचा अभ्यास सोडू नकोस. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्त्यांतलं तुला काय लागू होतं तेही बघून ठेव.

अर्जाची मुदत महिन्याभराची आहे ना? मग पहिले चार दिवस आजीकडं जा. तिच्या ओट्यावर शेजारणी जमतात, मराठीत सुरू झालेली गोष्ट कानडीत संपते. आधी नुसती ऐक. मग त्यांना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच रेकॉर्ड कर. तिथून परत येशील तेव्हा आराखड्याचं पहिलं वाक्य तुझ्याजवळ असेल.

आणि शिफारसपत्रासाठी तुझ्या बाईंना आजच फोन कर. त्यांना निदान तीन आठवडे तरी दे.