दंगलीनंतर गाव कसे सावरते?

आपल्याकडे बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईला असते. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाचा मुलगा परळला, कोणाची बहीण गिरगावात. मुंबईत काही अघटित घडले की गावात चूल पेटत नाही. म्हणून हा धडा मुंबईचा असला, तरी तो आपल्या गावासाठीही आहे.

घडले काय?

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत दंगल उसळली. थोडी शांतता झाली. जानेवारी १९९३ मध्ये दंगल पुन्हा भडकली. डोंगरीत ओझी वाहणारे माथाडी कामगार मारले गेले. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसे घरातच जळाली. मुसलमान वस्त्यांवर, त्यांच्या दुकानांवर, बेकऱ्यांवर हल्ले झाले. जे मेले ते बहुतेक रोज कमावून रोज खाणारे होते.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण हे त्याचे प्रमुख होते. आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यांत मुसलमान ५७५, हिंदू २७५ आणि इतर ५. उरलेले ४५ जण कोण होते, ते कळलेच नाही. हे ४५ ध्यानात ठेवा. देहावर धर्म लिहिलेला नसतो. काही पुढारी आणि काही पोलीस यांच्यावरही आयोगाने ठपका ठेवला.

मग आला १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी शेअर बाजार, काथा बाजार, झवेरी बाजार, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा सिनेमा अशा ठिकाणी एकामागून एक बाँब फुटले. २५७ माणसे मेली. बाँबनेही कोणाचा धर्म विचारला नाही.

वावडी आणि लाच

जानेवारीच्या दंगलीत एक वावडी उठली होती. समुद्रातून हत्यारबंद लोक उतरणार, असे एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. किनाऱ्याजवळची माणसे रात्र रात्र जागली. कोणी फौज उतरली नाही. पण त्या जागरणात शेजाऱ्याविषयी संशय मात्र वाढला.

आता दुसरी गोष्ट बघा. मार्चच्या स्फोटांची दारू खरोखरच समुद्रातून आली होती. ती रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे उतरली. चोरटा माल आणणाऱ्यांनी ती आणली. तिच्यावर नजर ठेवायची ज्यांची नोकरी होती, त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले. पुढे त्यांनाही शिक्षा झाली. म्हणजे लोक वावडीसाठी जागे राहिले, आणि खरा धोका लाचेच्या वाटेने गुपचूप आत आला. चार पैशांची लाच दूरच्या कोणाच्या जिवावर बेतेल, याचा नेम नसतो.

पुन्हा उभे राहणे

स्फोट झाले तेव्हा रक्त द्यायला माणसे रुग्णालयांत धावली. शुक्रवारी बाँब फुटलेला शेअर बाजार सोमवारी पुन्हा उघडला. लोक म्हणाले, मुंबई खंबीर आहे. खरे आहे. पण पोट थांबत नाही, म्हणूनही माणूस कामावर जातो. गिरणगावात तर १९८२ च्या संपानंतर पुष्कळांचा रोजगार आधीच गेला होता. घरी बसून कोणाला परवडणार? कामावर गेला म्हणजे माणूस सावरला, असे समजू नये. ज्याचे घर जळाले त्याला छप्पर पाहिजे, हातगाडी जळाली त्याला भांडवल पाहिजे, ज्याचा माणूस गेला त्याला न्याय पाहिजे.

स्फोटांच्या खटल्यात १०० जण दोषी ठरले. दंगलीच्या गुन्ह्यांत मात्र फार थोड्यांना शिक्षा झाली. न्याय दोन्हीकडे सारखा पोचला नाही, तर जखम वरून भरते आणि आतून सलते.

त्या दंगलीत १६८ माणसे बेपत्ता झाली, म्हणजे ती गेली कुठे, याचा पत्ताच लागला नाही. त्यांतल्या १०८ जणांच्या घरच्यांना पुष्कळ वर्षे भरपाई मिळाली नाही. कोणाचा ठावठिकाणा लागेना, कोणाचे कागद पुरे होईनात. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला, की या घरांचा शोध घ्या आणि भरपाई व्याजासह द्या. मधे जवळजवळ तीस वर्षे गेली.

आता तुम्ही वाचायला शिकलात, त्याचा उपयोग इथे आहे. गुन्हा घडला की पोलीस ठाण्यात पहिली खबर लिहून घेतात. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. लिहिलेली खबर वाचून मगच सही करावी. तिची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्यावी. नुकसानीचा पंचनामा होतो, त्यात काय काय लिहिले तेही वाचावे. शिधापत्रिका, घराची पावती, मुलांचे शाळेचे दाखले यांच्या नकला दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवाव्यात. आगीत घर गेले तरी कागद राहतो. कागद राहिला म्हणजे हक्क सांगता येतो.

भिवंडी का जळली नाही?

ठाणे जिल्ह्यात भिवंडी हे यंत्रमागांचे गाव आहे. तिथे १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या होत्या. पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. एका वस्तीतले हिंदू, मुसलमान आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. नळावरचे भांडण, मिरवणुकीचा रस्ता, कर्ण्याचा आवाज, असे बारीकसारीक प्रश्न तिथेच मिटू लागले. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. १९९२ च्या डिसेंबरात शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

मुंबईने हा धडा नंतर घेतला. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश सहानी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी १९९४ साली तिथे मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. पोरांचे क्रिकेटचे सामने भरवले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मिळून वस्तीत सलोख्याचे काम केले. विहीर आग लागण्याआधी खणावी लागते, ती ही अशी.

निषेध कोणी करायचा?

निषेध म्हणजे 'हे वाईट झाले, आम्हाला मान्य नाही,' असे चारचौघांत सांगणे. दुसऱ्याच्या माणसाचा निषेध सोपा असतो. आपल्या माणसाचा निषेध करायला छाती लागते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर पुन्हा हल्ला झाला. १६६ माणसे मेली. मारेकऱ्यांपैकी नऊ जण मारले गेले. त्यांना आपल्या जमिनीत पुरायला मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानाच्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. निरपराधांना मारणारा मुसलमान म्हणवून घ्यायला लायक नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हे पोलीस उभे होते. ते सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. त्यांच्या हातात काठी होती, समोरच्याच्या हातात बंदूक. ओंबळ्यांनी त्या बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. म्हणून तो मारेकरी जिवंत सापडला. त्याच्यावर रीतसर खटला चालला. त्यालाही वकील दिला गेला. पुरावा साऱ्या जगापुढे आला आणि २०१२ साली त्याला फाशी झाली. सुडाने हे साधले नसते. ते कायद्याने साधले.

काही जण म्हणतात, "पण आधी त्यांनी केले!" आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. मुलांच्या भांडणात हे वाक्य आम्ही रोज ऐकले. कोणी आधी मारले हे शोधू लागले, की आजचे भांडण कालवर जाते, कालचे परवावर. शेवट लागत नाही. आणि ज्याला आज मार बसला, त्याने परवा काहीच केलेले नसते. दादरला सिनेमा बघायला आलेल्याने अयोध्येत काय केले होते? बेकरीत पाव भाजणाऱ्याने डोंगरीत काय केले होते? गुन्हा ज्याने केला, शिक्षा त्याला. त्याच्या जातीला नाही, धर्माला नाही, शेजाऱ्याला नाही.

ध्यानात ठेवा

१. ऐकलेली बातमी पुढे सांगण्याआधी विचारा, 'तू स्वतः पाहिलेस का?' मोबाइलवर आलेल्या बातमीलाही हाच प्रश्न विचारा.
२. जमावात जाऊ नका. मुलांना जाऊ देऊ नका.
३. घाबरलेला माणूस दाराशी आला, तर आधी आत घ्या. नाव नंतर विचारा.
४. खबर द्या, साक्ष द्या. साक्षीदार गप्प बसला की गुन्हेगार सुटतो.
५. दंगलीनंतर जो घर सोडून गेला, त्याला परत आणायला आपण जा. त्याचे दुकान उघडले की पहिले गिऱ्हाईक आपण व्हा.

वाचा आणि सांगा

१. भिवंडीत १९९२ साली शांतता का राहिली?
२. पहिल्या खबरेची नक्कल का मागून घ्यावी?
३. ओंबळ्यांनी मारेकऱ्याला धरून ठेवल्यामुळे पुढे काय काय झाले?

लिहा

आपल्या गावात आपल्याहून वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची घरे कोणती? त्या घरांतल्या कर्त्या बायामाणसांची नावे पाटीवर लिहा. एखाद्या घरचे नाव ठाऊक नसेल, तर उद्या त्या घरी जा, पाणी प्या आणि विचारून या.