कठोर वाणी आणि तांत्रिक कामाचा हिशेब

"साहेब तोंडाने फटकळ आहेत, पण कामाला वाघ आहेत," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने सेवाकाळात केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. अशा साहेबांना फणसाची उपमा देण्याचीही आपल्याकडे रीत आहे. वरून काटे, आत गोड गरे. या उपमेत एक गृहीतक दडलेले आहे. काटे आहेत म्हणूनच गरे गोड आहेत, असे आपण नकळत मानू लागतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा, विशेषतः तांत्रिक काम करणाऱ्या चमूंच्या संदर्भात, थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

बँकेचे काम खातेवहीतून संगणकात गेल्यापासून हा विषय केवळ सॉफ्टवेअर कंपन्यांपुरता राहिलेला नाही. महिन्याच्या एक तारखेला मोबाइल अ‍ॅप बंद पडले, तर ज्यांचा पगार अडकतो त्या ग्राहकांचाही त्याच्याशी संबंध येतो.

या वादात नेहमी पुढे केले जाणारे उदाहरण लिनस टोरवाल्ड्स यांचे आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना त्यांनी लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. हजारो अभियंते निरनिराळ्या देशांतून, केवळ ई-पत्रांच्या आधारे, त्यात भर घालीत असतात. त्यांपैकी बहुतेकांना टोरवाल्ड्स पगार देत नाहीत, बढती देत नाहीत की बदलीही करू शकत नाहीत. त्यांच्या हाती एकच अधिकार आहे : आलेले काम स्वीकारणे वा नाकारणे. हे नाकारणे ते अनेक वर्षे अत्यंत जहाल, प्रसंगी शिवराळ भाषेत करीत असत आणि ही पत्रे साऱ्या जगाला वाचावयास खुली असत.

त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यात कोणताही बदल केला, तरी त्यावर आधीपासून चालणारा वापरकर्त्यांचा कार्यक्रम बंद पडता कामा नये, हा त्यांचा अढळ नियम आहे. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर हा नियम सोन्यासारखा आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका अनुभवी सहकाऱ्याने हा नियम मोडून वर दोष त्या कार्यक्रमाचाच आहे असे म्हटले, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याला सर्वांसमक्ष ज्या शब्दांत झापले ते येथे छापण्याजोगे नाहीत. गुळमुळीत बोलले तर दूरदेशीच्या माणसाला नकार कळतच नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यात काहीच तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही.

मात्र या भाषेची किंमत चुकती होत होतीच. यूएसबी ३.० चालविणारा भाग लिहिलेल्या एका अभियंत्याने २०१५ मध्ये, या वातावरणास कंटाळून आपण काम सोडल्याचे जाहीरपणे सांगितले. असे सांगणारे मोजके असतात. जे मुकाट्याने गेले, अथवा ती पत्रे वाचून मुळात आलेच नाहीत, त्यांची नोंद कोठेच नाही. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, आपण काही काळ बाजूला होत असून इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी साहाय्य घेणार असल्याचे सांगितले आणि सूत्रे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे सोपविली. त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. पुढच्याच महिन्यात ते परतले.

त्यानंतर काय घडले, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लिनक्सचा दर्जा ढासळेल, अशी भीती तेव्हा अनेकांनी व्यक्त केली होती. तसे काही झाले नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा क्रम चालू राहिला आणि तो अढळ नियमही जागेवरच राहिला. टोरवाल्ड्स यांची लेखणी आजही अधूनमधून तिखट होते. पण तो तिखटपणा माणसापेक्षा कामावर अधिक असतो. म्हणजे काम नाकारण्यातील कडकपणा आणि माणसाला टाकून बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या इतकी वर्षे एकाच वेष्टनात मिळत असल्याने एकच वाटत होत्या, इतकेच.

तांत्रिक कामात हा भेद इतका कळीचा का ठरावा? कारण येथे वाईट बातमी सर्वांत आधी सर्वांत कनिष्ठ माणसाला कळते. दिवसअखेरची प्रक्रिया अडखळली, हे पाळीवर बसलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या पडद्यावर प्रथम दिसते, महाव्यवस्थापकांच्या नव्हे. ती बातमी वर किती लवकर आणि किती खरी पोहोचते, यावर बाकीचे सारे अवलंबून असते.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने दोन रुग्णालयांतील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करून तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. जेथे चमू एकदिलाने काम करतो तेथे चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथेच चुकांची नोंद अधिक निघाली! अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की, तेथे परिचारिका चुका सांगण्यास कचरत नव्हत्या. जेथे प्रमुखाचा धाक होता, तेथे कागदावर सारे आलबेल होते.

आपल्या शाखांतूनही हे पाहावयास मिळते. रोकड कमी भरली की काही रोखपाल स्वतःच्या खिशातून भर घालून मोकळे होतात. वरिष्ठांच्या तोंडी लागण्यापेक्षा पाचशे रुपये स्वस्त वाटतात. ताळमेळ न लागणारी रक्कम उचंत खात्यात जाऊन पडते आणि तेथे महिनोन्महिने मुक्काम करते. रक्कम लहान असते. परंतु नोट मोजणाऱ्या यंत्रात दोष आहे की पद्धतीत, हे शोधण्याची संधी तिच्याबरोबर बुडते.

कठोरपणा म्हणजे आरडाओरडाच, असेही नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणापूर्वी नासाचे अधिकारी आणि अग्निबाण बनविणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्यांची लवचीकता कमी होते, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते. त्यावर नासाच्या एका अधिकाऱ्याने, मग उड्डाण काय एप्रिलमध्ये करायचे, अशा अर्थाचा प्रश्न केला. अपशब्द एकही नव्हता. एक टोमणा होता. कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपापसांत चर्चेसाठी वेळ मागून घेतला आणि त्या चर्चेत अभियांत्रिकी प्रमुखांना, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे सुचविण्यात आले. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्यू पावले. ज्यांना धोका ठाऊक होता ते त्या बैठकीत हजर होते, ही या प्रसंगातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय.

येथे कोणी स्टीव्ह जॉब्ज यांचे नाव घेईल. जॉब्ज कठोर होते आणि अ‍ॅपल यशस्वी झाली, हे दोन्ही खरे. परंतु चरित्रे यशस्वी माणसांचीच लिहिली जातात. तितकेच कठोर असूनही ज्यांचे प्रकल्प बुडाले, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३ पासून उत्पन्नाची नोंद आणि तरतुदी यांचे नवे निकष आपल्याकडे लागू झाले. त्यापूर्वी वसूल न झालेले व्याजही उत्पन्नात धरले जाई आणि ताळेबंद गुटगुटीत दिसे. धाकदपटशाने वेळेत पुरा झालेला प्रकल्प बहुधा तसाच असतो. नफा दिसतो, तरतूद केलेली नसते.

याचा अर्थ गोड बोलत राहावे, असा मुळीच नाही. निकृष्ट कामाला 'छान आहे' म्हणणारा प्रमुख चमूचे कमी नुकसान करीत नाही. उलट तो नंतर सापडतो. सर्व्हर बंद पडलेला असताना दिलेली तुटक आज्ञाही कोणी मनाला लावून घेत नाही.

श्रीहरिकोट्याहून १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अयशस्वी झाले, तेव्हा 'इस्रो'चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी प्रकल्पप्रमुख डॉ. कलाम यांना पाठविले. हा प्रसंग डॉ. कलाम पुढे आयुष्यभर सांगत राहिले आणि तो सर्वश्रुत आहे. सांगताना एक गोष्ट मात्र वगळली जाते. या दोन तारखांच्या मध्ये अपयशाची कसून तपासणी झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील बिघाडापर्यंत ती जाऊन पोहोचली. बाहेर ढाल धरली होती म्हणून आत प्रश्न विचारणे थांबले नव्हते.

लवकर सांगणाऱ्यास अभय, हे तत्त्व काही ठिकाणी नियमातच घातलेले आढळते. अमेरिकेत १९७६ मध्ये नासाने वैमानिकांसाठी गोपनीय निवेदनाची व्यवस्था सुरू केली; हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळविणाऱ्यास दंडातून सूट मिळण्याची सोय तीत आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या निर्देशांत, बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना झालेला अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास त्याचे दायित्व शून्य ठेवण्यात आले. उशीर वाढेल तसे दायित्व वाढणार होते. ग्राहकाने घाबरून गप्प बसू नये, ही त्यामागील दृष्टी उघड आहे.

रात्रपाळीच्या अधिकाऱ्यासाठी मात्र असे परिपत्रक नसते. त्याच्यापुढे असतो तो रात्री साडेअकराला वरिष्ठांना करावयाचा दूरध्वनी. प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर थांबली, किती खात्यांवर परिणाम झाला, शेवटची सुरक्षित प्रत कितीची आहे, सकाळी शाखांना काय कळवावयाचे, एवढे चार प्रश्न त्या वेळी पुरेसे असतात. कोणी केले, हे विचारण्याची घाई नसते. ते नोंदवहीत असतेच.