खोलीचे भाडे आणि हाती पडणारी रक्कम



उसाच्या पाहणीसाठी शिवारात गेलो की हल्ली लागणीच्या बरोबरीने खोल्यांचे प्रश्न विचारले जातात. भोसरी, मोशी, चऱ्होली, चाकण या पट्ट्यात आपल्या पुष्कळ सभासदांची जमीन कारखानदारीत आणि वस्तीत गेली. राहिलेल्या रानाच्या कडेला कोणी दोन, कोणी चार खोल्या बांधल्या. पूर्वी तिथे कामगार महिन्याच्या भाड्याने राहत. आता चाकणच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला इंजिनिअर, डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनाला आलेला शेतकरी, असे दोन-चार रात्रींचे पाहुणे मोबाईलवर खोली शोधतात. घरातली पोरं एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम अशा साइटवर खोलीची नोंद करतात. जोडधंदा चांगला आहे. पण पैशाचा हिशेब समजून न घेतल्यामुळे घराघरात गैरसमज होतात.

मागच्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाने कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या. खोलीचा दर गुणिले रात्री असा हिशेब धरून त्यांनी बँकेचा हप्ता ठरवला. खात्यावर मात्र दर वेळी रक्कम कमी येई. साइटचे काम मुलगा बघायचा. वडिलांना वाटलं, पोरगं मधले पैसे खातंय. बापलेकांचं बोलणं बंद झालं. मी ऊस पाहायला गेलो तेव्हा माउलींनी हे सांगितलं. वही घेऊन तिघं बसलो आणि अर्ध्या तासात हिशेब लागला. पोराने एक पैसाही घेतला नव्हता. साइटची कपात कोणी पाहिलीच नव्हती.

उसाचे बिल आठवा. टन गुणिले दर ही पूर्ण रक्कम आपल्या हाती पडत नाही. तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीची वसुली होते, मग उरते ते आपले. खोलीचेही तसेच आहे.

कपात कशी होते?

साइटच्या शुल्काच्या दोन पद्धती आहेत. एकीत घरमालकाकडून थोडे शुल्क आणि पाहुण्याकडून वेगळे शुल्क घेतात. दुसरीत सगळे शुल्क घरमालकाच्याच रकमेतून कापतात. आपल्याला कोणती पद्धत लागू आहे हे नोंद करतानाच पाहावे. शुल्कावर १८ टक्के जी.एस.टी. वेगळा लागतो.

उदाहरण घेऊ. खोली रु. २,०००, रात्री ५, म्हणजे रु. १०,०००. साफसफाईचे रु. ५००. एकूण रु. १०,५००.

पहिल्या पद्धतीत शुल्क ३ टक्के धरले तर रु. ३१५ आणि त्यावरील जी.एस.टी. रु. ५६.७०. हाती येतात रु. १०,१२८.३०.

दुसऱ्या पद्धतीत शुल्क १५ टक्के धरले तर रु. १,५७५ आणि जी.एस.टी. रु. २८३.५०. हाती येतात रु. ८,६४१.५०.

एकाच भाड्यात जवळपास दीड हजाराचा फरक पडतो. म्हणून दुसरी पद्धत असेल तर दर ठरवतानाच शुल्क धरून चालावे. शिवाय वीज, पाणी, चादरी धुणे, झाडलोट हा खर्च आपल्याकडेच राहतो. तोही वजा केल्यावर जे उरते, त्याच्यावरच कर्जाचा हप्ता बसवावा.

करासंबंधी चार गोष्टी

१. उसाचे उत्पन्न शेतीचे आहे, त्याला आयकर नाही. खोलीचे भाडे शेतीचे उत्पन्न नव्हे, मग खोली रानात का असेना. ते विवरणपत्रात दाखवावे लागते.

२. साइटमार्फत येणाऱ्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२४ पासून टी.डी.एस.चा दर ०.१ टक्का झाला. त्याआधी तो १ टक्का होता. व्यक्तीचा किंवा एकत्र कुटुंबाचा साइटवरील व्यवहार वर्षाला ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिले असेल, तर ही कपात होत नाही. दिलेच नाही तर ५ टक्के कापले जातात. म्हणून पॅन पहिल्याच दिवशी भरावा.

३. दिवसाला रु. ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जी.एस.टी. आहे. आपली वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून आपण नोंदणी घेतलेली नसेल, तर हा कर साइटच पाहुण्याकडून घेऊन भरते. ती रक्कम आपली कमाई धरू नये.

४. कंपनीचा पाहुणा जी.एस.टी.चे बिल मागतो. आपली नोंदणी नसेल तर आपण साधी पावती द्यावी, तीवर कर लावू नये. साइटचे बिल त्याला साइटवर मिळते.

पैसे केव्हा आणि कुठे येतात?

एअरबीएनबी पाहुणा आल्यानंतर सुमारे २४ तासांनी रक्कम पाठवायला काढते. बँकेत जमा व्हायला पुढे काही दिवस लागतात. २८ रात्री किंवा त्याहून जास्त मुक्काम असेल तर रक्कम महिन्या-महिन्याने येते. पाहुण्याने बुकिंग रद्द केले तर किती परत द्यायचे, हे आपण निवडलेल्या नियमावर ठरते. हप्त्याची तारीख जवळ असेल तर अजून न आलेल्या पाहुण्याच्या पैशावर विसंबू नये.

साइटवरील नाव, पॅन आणि बँक खाते एकाच व्यक्तीचे असावे. नोंद पोराची, खाते बापाचे, असे केले की रक्कम अडकते आणि कर कोणी भरायचा हा तंटा उभा राहतो. पतसंस्थेच्या खात्यावर अवलंबून राहू नये. आय.एफ.एस.सी. क्रमांक असलेले बँक खाते द्यावे.

बाहेरचा व्यवहार नको

पाहुणा म्हणतो, "साइटची फी कशाला, रोख देतो." मोह होतो. पण साइटवरून आलेल्या पाहुण्याशी बाहेर व्यवहार केला तर नोंद बंद होऊ शकते. पाहुण्याने काही मोडतोड केली तर दादही मागता येत नाही. एअरबीएनबीवर नुकसानीची मागणी पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत, फोटोसह करावी लागते.

याहून मोठा धोका फोनचा आहे. दिघी, देहूरोडला लष्कराची ठाणी आहेत, त्याचा फायदा ठग घेतात. "फौजेत अधिकारी आहे, बदली झाली, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यू.आर. स्कॅन करा." आपल्या एका सभासदाचे असेच रु. १२,००० गेले. पक्के लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. "चुकून जास्त पाठवले, परत करा" असे कोणी म्हटले तर मेसेजवर विश्वास न ठेवता आधी खात्यातील शिल्लक पाहावी. फसवणूक झालीच तर लाज न धरता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

वही ठेवा

प्रत्येक पाहुण्यासाठी एक ओळ लिहावी : तारीख, रात्री, एकूण भाडे, साइटचे शुल्क, कर, खात्यावर जमा, घरचा खर्च, शिल्लक. महिन्याला एकदा ती बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहावी. वही एकाने लिहिली तरी वाचावी घरातल्या सगळ्यांनी. वर सांगितलेल्या घरात आता मुलगा वही लिहितो आणि महिनाअखेरीस वडील पासबुक घेऊन शेजारी बसतात. हप्ता त्यांनी बँकेकडून कमी करून घेतला आहे.

उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो. साइटची जमा-पावतीही तशीच फाइलला लावावी, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी