बोलीतील शिवी आणि मोबाईलवरील अदब

साताऱ्यातील कराड असो वा सांगलीतील तासगाव, ‘च्यायला’ हा शब्द आपल्याकडे आश्चर्याने, कधी मायेनेही उच्चारला जातो. समोरचा चेहरा पाहून ऐकणारा हसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरा नसतो. तिथे तोच शब्द वाचून मुंबईचा नातलग दुखावतो. ‘आमच्याकडे चालते’ हा खुलासा मात्र अपुरा आहे. त्या शब्दात कोणाची तरी आई आहे. दुसऱ्याच्या आईवडिलांना शिवी देऊन स्वतःच्या आईवडिलांवर शिवी ओढवून घेणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी महापापांत गणले आहे (बुखारी, मुस्लिम). अर्थात, आपल्या ‘अरे-तुरे’त शहरी माणसाने अनादर शोधणे हाही अन्यायच, बोलीचा रांगडेपणा गुन्हा नव्हे. ‘गड्या’, ‘लेका’ खुशाल लिहावे.