परदेशी शिक्षणातील सुटीचे दोन दिवस

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी आता केवळ मोठ्या शहरांतील सुखवस्तू घरांमधूनच जातो, अशी स्थिती राहिलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी शिकलेली, जिल्ह्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुले-मुलीही शिष्यवृत्तीच्या आधाराने अथवा बँकेचे कर्ज काढून परदेशी विद्यापीठांत जात आहेत. अशा घरातील पालक प्रथम सल्ला विचारावयास येतात ते गावातील शिक्षकांकडे, ओळखीच्या अधिकाऱ्याकडे किंवा पंचायतीच्या जाणत्या सदस्याकडे. प्रवेश, शुल्क आणि व्हिसा यांची माहिती त्यांना कोठे ना कोठे मिळते. परंतु मुलगा तेथे पोहोचल्यावर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्याने धाडलेल्या छायाचित्रांत एका रविवारी किल्ला दिसतो, दुसऱ्या रविवारी सरोवर. घर तारण ठेवून कर्ज काढलेल्या पित्याच्या मनात साहजिकच येते, की हा अभ्यास तरी केव्हा करतो?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे. आठवड्याच्या सुटीचे दोन दिवस हा परदेशी शिक्षणाचाच एक भाग होय. मात्र त्यांचा हिशेब काटेकोर ठेवला तरच. तो हिशेब कसा मांडावयाचा, याचा विचार जर्मनीतील एका विद्यापीठाच्या गावाच्या उदाहरणाने येथे केला आहे.

काटकसरीची परंपरा

आपल्याकडे परदेशी शिक्षणाचा आदर्श म्हणून प्रथम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव येते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अध्ययन चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. लंडनमधील ज्या घरात ते १९२१-२२ च्या सुमारास राहत होते, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केले व तेथे त्यांचे स्मारक केले. पैसा आणि मुदत या दोहोंची टंचाई सोसून केलेले हे अध्ययन आहे. परदेशातील प्रत्येक दिवसाला मोल असते, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा इरावती कर्वे यांच्या आयुष्यातून मिळतो. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि तेथे मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतल्या. पुढील काळात त्यांचे संशोधन ग्रंथालयापुरते राहिले नाही. माणसे जेथे राहतात तेथे जाऊन, त्यांच्याबरोबर चालून त्यांनी समाज पाहिला. पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख मराठी वाचकांना परिचित आहेच. पुस्तक आणि पायवाट ही दोन्ही ज्ञानाची साधने आहेत, हे त्यातून ध्यानी येते.

जर्मनीतील विद्यार्थी व त्याचा आठवडा

अलीकडच्या वर्षांत भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा जर्मनीकडे वाढला आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तेथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वांत अधिक होती. तेथील बहुसंख्य सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. केवळ सत्राची वर्गणी घेतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्रास १,५०० युरो शुल्क पडते. या राज्याशी आपला संबंध जुना आहे. त्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, तर महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात २०१५ मध्ये भागीदारीचा करार झाला.

श्टुटगार्टहून रेल्वेने सुमारे एका तासाच्या अंतरावर, नेकार नदीच्या काठी ट्युबिंगेन हे गाव आहे. १४७७ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन झाले. संस्कृतचा प्रचंड कोश सिद्ध करणाऱ्या दोघा पंडितांपैकी रुडोल्फ फोन रोट हे येथेच प्राध्यापक होते. गावाची वस्ती सुमारे नव्वद हजार. तीत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. विद्यार्थी सामायिक स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहतात आणि दुपारी विद्यार्थ्यांच्या भोजनालयात स्वस्तात जेवतात.

या विद्यार्थ्याच्या वेळेचा हिशेब पाहू. तेथे एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक असतात व एका श्रेयांकास ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे वर्षाला १,८०० तास झाले. वर्षाचे ४५ आठवडे कामाचे धरले, तर आठवड्याला ४० तास अभ्यास आलाच. त्यात वर्गातील तास, ग्रंथालय, प्रयोगशाळा व घरचे वाचन हे सर्व मोडते. मार्च २०२४ पासूनच्या नियमानुसार परदेशी विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. सत्र चालू असता आठवड्याला २० तास काम, असाही पर्याय आहे. ज्याने ते पूर्ण २० तास काम पत्करले, त्याचा आठवडा ६० तासांचा झाला. स्वयंपाक, कपडे धुणे व बाजारहाट ही कामे तेथे ज्याची त्यानेच करावयाची असतात. मग सुटीसाठी खऱ्या अर्थाने उरतो तो एकच दिवस, रविवार.

हा रविवारही आपल्यासारखा नाही. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचे संरक्षण आहे. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात आणि यंत्रांचा गोंगाट करण्यास मनाई असते. ज्याने शनिवारी दूध, भाजी व पाव आणून ठेवला नाही, त्याची पंचाईत होते. नवख्या विद्यार्थ्यास हा सामसूम रविवार अंगावर येतो. विशेषतः नोव्हेंबरपासून पुढे दुपारी साडेचार-पाचला अंधार पडू लागला, की खोलीत एकट्याने बसून घरच्या आठवणी काढणे, रात्री जागणे आणि सोमवारी तासाला गैरहजर राहणे असा क्रम सुरू होण्याचा धोका असतो. याचा परिणाम थेट अभ्यासावर होतो. परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. शेवटची संधी हुकली तर त्या विषयाचे शिक्षण तेथेच थांबू शकते व निवासाचा परवानाही अडचणीत येतो. म्हणून रविवारी खोलीबाहेर पडणे याला केवळ चैन म्हणता येणार नाही.

अल्प खर्चाचा प्रवास

विद्यार्थी-व्हिसासाठी २०२४ पासून ११,९०४ युरो इतकी रक्कम एका वर्षाच्या निर्वाहासाठी बँकेत बांधून ठेवावी लागे. महिन्याला तीतून ९९२ युरो मिळत. खोलीचे भाडे, आरोग्यविमा व जेवण यांतच ही रक्कम बहुतांशी संपते. अशा स्थितीत प्रवास कसा परवडावा?

याचे उत्तर सार्वजनिक वाहतुकीत आहे. मे २०२३ मध्ये जर्मनीने सर्व देशासाठी एकच मासिक तिकीट सुरू केले. त्यावर शहरी बस, ट्राम व प्रादेशिक रेल्वे यांतून कितीही प्रवास करता येतो. जलद लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र त्यात येत नाहीत. आरंभी त्याची किंमत ४९ युरो होती, २०२५ मध्ये ती ५८ युरो झाली. विद्यार्थ्यांसाठी त्याचे सवलतीचे प्रकार आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २७ वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी असे वेगळे तिकीट काढण्यात आले. रोज वर्गास जाण्यासाठी काढलेल्या तिकिटावरच रविवारची सहल होते. भाकरी डब्यात घेतली की वेगळा खर्च जवळजवळ उरत नाही. तिकीट जवळ नसल्यास मात्र ६० युरो दंड होतो, हे आरंभीच सांगून ठेवावे.

मुक्कामाचा प्रश्न आला तर युवक वसतिगृहे आहेत. त्यांची जन्मकथा आपल्या शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. ऑगस्ट १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळी पावसात सापडले. एका गावातील शाळा सुटीमुळे रिकामी होती. तिने त्यांना आसरा दिला. त्या रात्री मास्तरांच्या मनात विचार आला, की सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा फिरस्त्या मुलांना निवाऱ्यासाठी का देऊ नयेत? १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे युवक वसतिगृह सुरू झाले आणि तेथून ही चळवळ जगभर पसरली.

काय पाहावे?

विद्यार्थी काय पाहतो, यावर प्रवासाचे मोल ठरते. ट्युबिंगेनच्या परिसरात स्वाबियन आल्ब ही चुनखडीची डोंगररांग आहे. तेथील गुहांत हिमयुगातील माणसाने हस्तिदंतात कोरलेल्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती सापडल्या. २०१७ मध्ये या गुहांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या वस्तू केवळ राजधानीत नेऊन ठेवलेल्या नाहीत. काही ट्युबिंगेनच्या किल्ल्यातील विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत, काही उल्म शहरात, तर काही ब्लाउबॉयरेन या छोट्या गावात. वारसा जेथला तेथे जपावा आणि गावानेच त्याचा मान वाढवावा, हा विचार त्यामागे दिसतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या पायथ्याच्या गावांना या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

याच डोंगरांत पायवाटांवर ठिकठिकाणी खुणा रंगविलेल्या दिसतात. हे काम मुख्यतः १८८८ मध्ये स्थापन झालेली पदभ्रमण संस्था स्वयंसेवकांच्या बळावर करते. नवखा मनुष्यही त्या खुणांच्या आधाराने वाट न चुकता परत येतो. या प्रदेशातील निवासी इमारतींत आणखी एक रीत आढळते. जिना आणि दारापुढील पदपथ झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक बिऱ्हाडाकडे जाते. पाळीची पाटी दाराला लागली, की प्राध्यापक असो वा विद्यार्थी, झाडू हाती घ्यावाच लागतो.

पंचायत सदस्यांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे ट्युबिंगेनचा आवेष्टन-कर. एकदाच वापरून फेकावयाचे पेले व ताटल्या यांतून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांवर नगरपालिकेने १ जानेवारी २०२२ पासून कर बसविला. हा वाद न्यायालयात गेला. जर्मनीच्या घटना न्यायालयाचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि कर वैध ठरला. छोट्या गावाची नगरपालिका आपल्या कचऱ्याचा विचार करून कायद्याच्या कसोटीला उतरणारा उपाय काढू शकते, हे विद्यार्थ्याला चहाच्या पेल्यावरच्या पैशांतून कळते. खेड्यांच्या विकासाची स्पर्धाही तेथे १९६१ पासून भरत आली आहे. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या आपल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची आठवण येथे सहजच होते. अशा एखाद्या गावात घालविलेला रविवार हा ग्रामविकासाचा प्रत्यक्ष पाठच ठरतो.

काही पथ्ये

सीमा ओलांडताना सावधगिरी हवी. जर्मनीचा निवास-परवाना असलेल्यास शेंगेन करारातील अन्य देशांत दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. ब्रिटन व आयर्लंड हे देश त्या करारात नाहीत. तेथे जावयाचे तर वेगळा व्हिसा लागतो. पारपत्र आणि परवाना दोन्ही जवळ असावेत आणि त्यांची मुदत आधी पाहावी.

परीक्षेपूर्वीचे चार-पाच आठवडे दूरचे प्रवास वर्ज्य मानावेत. एका महिन्यात एक दूरची सहल व उरलेल्या रविवारी जवळची पायवाट, हे प्रमाण बहुतेकांना झेपते. दर सहलीनंतर वहीत एक पान लिहावे: काय पाहिले, ते कोण चालविते, खर्च कोठून येतो, आपल्या गावी त्यातील काय करता येईल. सहलीत त्या देशाची भाषा बोलण्याचा सरावही होतो. तिकीटघरात व खाणावळीत बोलून जीभ जशी वळते तशी केवळ वर्गात वळत नाही.

आपले कर्तव्य

मार्गदर्शन करणाऱ्यांनी विद्यार्थी जाण्यापूर्वीच पालकांसमवेत वेळेचा व पैशाचा हा हिशेब कागदावर मांडावा. प्रवासासाठी दरमहा एक ठरावीक छोटी रक्कम प्रथमपासूनच धरावी, म्हणजे पुढे लपवाछपवी राहत नाही आणि संशयही राहत नाही. रविवारी घरी फोन आला, तर "कोठे भटकलास?" असे न विचारता "काय पाहिलेस?" असे विचारावे. त्या एका प्रश्नाने विद्यार्थ्याची नजर बदलते.

विद्यार्थी सुटीवर आला की शाळेत किंवा ग्रामसभेत त्याला अर्धा तास द्यावा आणि त्याची वही वाचून दाखवावयास सांगावी. पायवाटेवरच्या खुणा, जिन्याची पाळी, फेकावयाच्या पेल्यावरचा कर, सुटीतील रिकामी शाळा यांपैकी एखादी गोष्ट जरी गावाने आपल्या परीने करून पाहिली, तरी ज्या घराने कर्ज काढले त्याच्याबरोबर गावालाही त्या शिक्षणाचा लाभ झाला, असे म्हणता येईल.